भोपळ्याचे प्रोटीन मफिन मधे बसतात, गिच्च होतात, रबरासारखे लागतात: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

आधी लक्षणं. तुमचा मफिन यातल्या कुठल्या ओळीत बसतो ते बघा, उपाय त्यावर ठरतो.

– ओव्हनमध्ये छान फुगला, बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत मधोमध खड्डा.
– वरून बदामी, पण अर्धा कापला की तळाशी बोटभर ओलसर, चकाकणारा थर. काहींचा तर खरवसासारखा थरथरतो.
– चावताना खोडरबर. बोटाने दाबला की चेंडूसारखा परत वर येतो.
– कोरडा ठणठणीत. दोन घासांत घशाला तोठरा.
– फुगलाच नाही, ओतला तेवढाच राहिला.
– कागद सोडवताना अर्धा मफिन कागदालाच.
– साबणासारखी चव.
– दुसऱ्या दिवशी आतून हिरवा. हसू नका, याचेही फोटो मला आलेत.

मुलगा जिमला जायला लागला तेव्हापासून हे मफिन आमच्याकडे दर आठवड्याला होतात. त्यामुळे बहिणीच्या, जावेच्या, मजल्यावरच्या सगळ्यांच्या फसलेल्या घाण्यांचे फोटो माझ्याकडे येतात. अनुभव असा, की लोक सगळ्यात आधी ओव्हनवर खापर फोडतात. जावेने तर नवा ओटीजी आणला. मफिन तसेच! दोष भोपळ्यातल्या पाण्याचा होता आणि तो नव्या ओटीजीतही तितक्याच इमानाने आत गेला. पहिली दोन लक्षणं असतील तर बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं. खोडरबर आणि तोठरा असेल तर प्रोटीन पावडर. उरलेल्या तक्रारी किरकोळ आहेत, चिमटीत सुटणाऱ्या.

ताडून बघायला माझं प्रमाण देते, १२ मफिनचं. आटवलेला भोपळ्याचा गर २०० ग्रॅम, २ अंडी, चक्का १०० ग्रॅम, बारीक चिरलेला गूळ ९० ग्रॅम, तेल ४० ग्रॅम, कणीक १५० ग्रॅम, साधी किंवा व्हॅनिला व्हे पावडर (दुधाच्या निवळीची प्रोटीन पावडर) ५० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, मीठ, दालचिनी, सुंठ, किसलेलं जायफळ. १७५ अंशांवर २० ते २२ मिनिटं. हिशेब केला तर एका मफिनमध्ये साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन पडतं. व्हे न घालता हेच केलं तर तीन ग्रॅमच्या थोडं वर. एका मफिनमध्ये वीस ग्रॅम प्रोटीन बसवणाऱ्या कृती दिसतात. मी चार-पाच करून पाहिल्या. त्यांना मफिन म्हणणं धाडसाचं आहे.

आता तपासणी. फुकट होणाऱ्या गोष्टी आधी, खर्चाच्या शेवटी. क्रम सोडू नका आणि एका घाण्यात एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि मफिन जमला, तर कशामुळे जमला ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

१. खरंच कच्चा आहे का, की गरम कापला?

या तपासणीला काहीच लागत नाही, धीर सोडून. ओव्हनमधून निघालेल्या मफिनच्या आत वाफ कोंडलेली असते आणि पिठातला स्टार्च अजून घट्ट बसलेला नसतो. लगेच सुरी घातली तर चांगला भाजलेला मफिनही आत गिच्च दिसतो. भोपळा, चक्का आणि गूळ तिन्ही ओलावा धरून ठेवणारे, म्हणून हा घोटाळा साध्या केकपेक्षा इथे जास्त. ट्रेमध्ये पाच मिनिटं, मग जाळीवर काढून निदान अर्धा तास. त्यानंतर कापा आणि मग मला फोटो पाठवा.

ट्रेमध्येच गार होऊ दिले तर तळाला वाफेचं पाणी सुटतं, तेही कच्चेपणासारखंच दिसतं. जाळी नसेल तर पुरी काढायची चाळणी उपडी घाला.

घरात आत खुपसायचा थर्मामीटर असेल तर वादच मिटतो: मफिनच्या मध्यभागी ९३ ते ९६ अंश आले की तो भाजला. काडीवर मात्र या मफिनच्या बाबतीत फार विसंबू नका. भोपळ्याचा गर काडीला लागून येतो आणि आपण उगाच दहा मिनिटं जास्त भाजतो. पांढरट, ओलं पीठ लागलं तर कच्चा. नारिंगी, दमट दोन कण लागले तर झाला.

२. बेकिंग पावडर जिवंत आहे का?

फुगलाच नाही म्हणणाऱ्यांनी इथेच थांबायचं. कढत पाण्याच्या अर्ध्या वाटीत अर्धा चमचा बेकिंग पावडर टाका. जोरात फसफसली तर ठीक. आळसावल्यासारखे चार बुडबुडे आले तर डबा टाकून द्या, वरची तारीख काहीही असो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत, आणि पावसाळ्यात तर नक्कीच, अर्धवट मिटलेला डबा तारखेच्या कितीतरी आधी मरतो. सोड्याची परीक्षा लिंबू पिळून.

सोड्याचं एक कोडं समजून घ्या. त्याला आंबट काहीतरी लागतंच. माझ्या प्रमाणात ते काम चक्का करतो, थोडंसं गूळही. कोणी चक्क्याऐवजी दूध घालतं आणि सोडा तेवढाच ठेवतं, मग उरलेला सोडा साबणासारखा लागतो. दूध घालायचं तर सोडा वगळा आणि बेकिंग पावडर दोन चमचे करा.

हिरवा मफिन हाही सोड्याचाच प्रताप. वरून किंवा आत सूर्यफुलाच्या बिया घातल्या असतील तर त्यांतलं क्लोरोजेनिक आम्ल अल्कधर्मी मिश्रणात हिरवा रंग धरतं. बुरशी नव्हे, खायला चालतो. पण मुलांना डब्यात देऊन बघा काय होतं ते! सोडा कमी करा किंवा भोपळ्याच्याच बिया वापरा. त्या तशाही प्रोटीनला जास्त उपयोगी.

३. चमचा, वाटी, कप

चहाचा चमचा म्हणजे ५ मिली. आपल्या घरातला पोहे खायचा चमचा त्याहून मोठा, आणि तो आपण शीग लावून भरतो. अमेरिकन कृतीतला कप २४० मिलीचा. माझ्याकडची आमटीची वाटी मोजली तर १५० ची निघाली. शिवाय कणीक दाबून भरली की एका कपाला १५० ग्रॅम, हलक्या हाताने चमच्याने भरली की १२०. दोन कपांमागे ६० ग्रॅमचा फरक पडला तर कृती कुठली उरते?

वजनकाटा घ्या. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा काही शे रुपयांत येतो आणि या यादीतला सगळ्यात वसूल होणारा खर्च तोच आहे. प्रोटीन पावडरच्या डब्यातला स्कूपही काट्यावर तपासा. डब्यावर ३० ग्रॅम लिहिलेलं असतं, पण दाबून भरला तर जास्त जातो. दोन स्कूपमध्ये दहा ग्रॅम वाढले तर मफिनला ते कळतं.

४. भोपळ्याचं पाणी

ही खरी जागा. इथे सावकाश वाचा.

या मफिनच्या बहुतेक कृती अमेरिकेतल्या, आणि तिथे भोपळा म्हणजे डबाबंद गर. इलिनॉय राज्यात डिकिन्सन जातीचा भोपळा याच कामासाठी पिकवतात. कारखान्यात शिजवून, पाणी काढून, दाट करून तो डब्यात भरतात. ४२५ ग्रॅमचा डबा उघडून उपडा केला तर गर डब्याच्या आकारात उभा राहतो. आपण काय करतो? भाजीवाल्याकडून लाल भोपळ्याची फोड आणतो (विदर्भातल्या मंडळींचं कोहळं, मराठवाड्यातलं काशीफळ), कुकरला तीन शिट्ट्या देतो, मिक्सरमधून काढतो आणि कृतीत ‘एक कप प्युरी’ असं लिहिलंय म्हणून एक कप ओततो. कच्च्या भोपळ्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यात कुकरमधली वाफ. ती प्युरी नव्हे, सार आहे.

गंमत म्हणजे हे आपल्याला ठाऊक असतं. भोपळ्याचे घारगे करताना कोणी पिठात पाणी घालतं का? कीस आणि गूळ शिजवून घेतो, त्याला जेवढं सुटेल तेवढ्यातच कणीक मावेल तशी मळतो. आईने कधी कणीक मोजून घातलेली मी पाहिली नाही, ती गराकडे बघून घालायची. मफिन म्हटलं की मात्र आपण गराकडे बघणंच सोडतो.

चाचणी अशी. शिजवलेला गर ताटलीत चमचाभर ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. भोवती पाण्याचं कडं जमलं तर तो गर मफिनला चालायचा नाही.

उपाय तीन, सोप्यापासून. पहिला: भोपळा पाण्यात शिजवूच नका. कुकरच्या भांड्यात फोडी नुसत्या ठेवा, झाकणी घाला, शिट्टी न लावता वाफवा. दुसरा: वाफवलेला गर चक्का टांगतो तसा मलमलच्या फडक्यात तासभर टांगा. पाव किलो गरातून अर्धी वाटी पाणी मी मोजून काढलंय. ते फेकू नका, कणीक भिजवायला घ्या. तिसरा, आणि मी नेहमी करते तो: गर जाड बुडाच्या कढईत आटवायचा.

आटवताना काय बघायचं ते सांगते, कारण ‘दाट होईपर्यंत’ या शब्दाने कोणाचं भलं झालेलं नाही. मध्यम आच. सुरुवातीला गर फटफट उडतो, हातावर उडाला तर चांगलाच चटका बसतो, म्हणून लांब दांड्याचा कालथा घ्या. पाच-सात मिनिटांत फटफट थांबते आणि आवाज बदलतो, ओल्या फसफसण्याचा चरचरीत होतो. रंग पिवळसर नारिंगीवरून विटकरीकडे झुकतो. आता कालथा मधोमध ओढा. कढईचं बूड दिसलं आणि गर लगेच त्यावर वाहून आला, तर अजून थांबा. ओढलेली वाट तशीच उघडी राहिली, कडा ढळल्या नाहीत, की बंद. दुधी हलव्यात दूध आटल्यावर दिसतं तेच. पूर्ण गार करूनच मिश्रणात घाला. गरम गराने अंडं गोठतं आणि बेकिंग पावडर ओव्हनआधीच कामाला लागते.

साधारण अर्धा किलो सोललेल्या भोपळ्याचा माझ्या हातून पाव किलोपेक्षा थोडा जास्त गर होतो. तुमच्या भोपळ्याचं गणित वेगळं निघेल. कोवळा, फिकट पिवळा असेल तर पाणी जास्त. जाड सालीचा, गर्द नारिंगी, नखाने सहज न टोचणारा असेल तर कमी. फोड घेताना भाजीवाल्याला ‘पिकलेला दे’ म्हणून सांगा.

अमेरिकेत राहणाऱ्यांची चूक उलटी असते. तिथे ‘पंपकिन पाय मिक्स’ किंवा ‘फिलिंग’ असं लिहिलेला डबा येतो, त्यात साखर आणि मसाले आधीच असतात. भाचीने एकदा तोच उघडला आणि वर आमचा गूळ घातला. नुसता ‘पंपकिन’ लिहिलेला डबा घ्यायचा. हॅलोविनला कोरायचा मोठा भोपळा स्वस्त मिळाला म्हणून उकडू नका. तो पाणचट आणि दोरेदार असतो.

एक गोष्ट यात हसण्यावारी नेऊ नका. भोपळा कापल्यावर कच्च्या फोडीचा कण जिभेला लावून बघा. कडू लागला तर पूर्ण फोड टाका. कडवटपणा कुकुरबिटासिनचा असतो, तो शिजवून जात नाही आणि पोटाला बाधतो. गूळ घालून झाकायचा तर प्रश्नच नाही.

५. प्रोटीन पावडर

व्हे म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रोटीन. ७० अंशांच्या आसपास ते उलगडायला लागतं आणि एकमेकांत गुंतून पाणी धरणारी जाळी करतं. अंडं गोठतं तसंच. थोडं असलं तर मफिनला आधार मिळतो. जास्त झालं तर खोडरबर, आणि गर पातळ असेल तर तळाशी तो खरवस. आणखी जास्त भाजलं तर जाळी आवळते, पाणी पिळून बाहेर टाकते, मग तोठरा.

म्हणून माझा नियम: पीठ आणि पावडर मिळून जे वजन होईल त्याचा पाव भाग पावडर. २०० मध्ये ५०. त्यापुढे गेलात की मफिनचा पोत तुमच्या हातात राहत नाही. आणखी प्रोटीन हवंच असेल तर ते दुसऱ्या वाटेने आणा: ३० ग्रॅम कणकेच्या जागी भाजलेलं बेसन (बेसनात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, कणकेत ११-१२), वरून भोपळ्याच्या बिया, किंवा चक्का जास्त दाट टांगलेला. बेसन मात्र आधी कोरडं भाजा, लाडवाला भाजतो त्याच्या अर्ध्यावर. कच्च्या बेसनाचा वास दालचिनीलाही झाकता येत नाही.

पावडर कुठली आहे तेही बघा. व्हे पाणी कमी पितं. वाटाण्याचं, सोयाचं किंवा केसिन भरपूर पितं. व्हेच्या जागी तेवढंच वाटाण्याचं घातलंत तर मिश्रण चमच्यावर पुतळ्यासारखं उभं राहतं. अशा वेळी तीन-चार मोठे चमचे दूध वाढवा. डब्याच्या मागचा मजकूर वाचा, बऱ्याच पावडरी मिश्र असतात, आणि गोडीसाठी सुक्रालोज किंवा स्टेव्हिया घातलेलं असतं. तसं असेल तर गूळ १५-२० ग्रॅम कमी करा. सगळा मात्र काढू नका.

इथे मला थोडं बोलायचंय. ‘हेल्दी’ म्हणून लोक एकाच घाण्यात तेल शून्य करतात, गूळ शून्य करतात आणि पावडर दुप्पट करतात. तेल आणि गूळ नुसते चवीला नसतात. तेल प्रोटीनच्या जाळीला आवळू देत नाही, गूळ ओलावा धरतो आणि गोठण्याची घाई थांबवतो. दोघांनाही बाहेर काढलंत आणि गोठणारा माल दुप्पट केलात, तर चेंडू होणारच. बारा मफिनमध्ये ४० ग्रॅम तेल म्हणजे एकाला साडेतीन ग्रॅमच्या आत, पाऊण चमचा. तेवढं खा. कागदाला चिकटणारे मफिन जवळजवळ नेहमी याच बिनतेलाच्या घरचे असतात. कागदाला आतून तेलाचं बोट फिरवा किंवा कागद सोडून तेल लावलेल्या ट्रेमध्ये थेट ओता.

६. फेटणं आणि थांबणं

लवकर आटपते. ओलं एका भांड्यात, कोरडं दुसऱ्यात चाळून, मग एकत्र. इलेक्ट्रिक बीटर कपाटात राहू द्या. कणकेला जास्त घोटलं की चिवटपणा सुटतो, आणि व्हेला फेसाळायची आधीच हौस असते. तो फेस ओव्हनमध्ये फुगतो आणि बाहेर आला की बसतो. खड्ड्याचं हे दुसरं कारण. कालथ्याने वीसेक वेळा वरखाली करा, पिठाच्या दोन-चार गुठळ्या दिसल्या तरी चालतील.

दाटपणा हवा भज्यांच्या पिठाहून थोडा घट्ट: चमचा वाकडा केला तर क्षणभर धरून मग धबकन पडेल असा. धार लागत असेल तर गर पातळ होता. आता कणीक वाढवून सावरायला जाऊ नका, तो घाणा उलट दडदडीत होतो. ओता, भाजा, पुढच्या वेळी आटवा. आणि ओव्हन तापायच्या आधी मिश्रण कालवू नका. सोडा ओला झाला की त्याचं काम सुरू होतं, तो तुमच्यासाठी थांबत नाही.

७. आता ओव्हन

इथवर सगळं करून दोन घाणे फसले असतील, तरच इकडे या.

ओटीजीच्या खटक्यावर १७५ लिहिलंय म्हणजे आत १७५ आहेत असं नाही. वीस-तीस अंश इकडेतिकडे असणं नित्याचं. तापवणं दाखवणारा दिवा विझला म्हणजे रॉड एकदा बंद झाला, एवढंच. त्यानंतर आणखी दहा मिनिटं तापू द्या, म्हणजे भिंतीही तापतात.

फुकटची परीक्षा साखरेने होते. साखर १८६ अंशांजवळ वितळते. वरचा रॉड बंद ठेवा, स्टीलच्या वाटीत चमचाभर साखर मधल्या जाळीवर ठेवा. खटका १७५ वर: पंधरा मिनिटांनी साखर सुटी राहायला हवी. वितळली तर तुमचा ओव्हन खूप गरम चालतो. मग १९० वर: आता वितळायला हवी. नाही वितळली तर थंड चालतो. ढोबळ आहे, पण पैसे लागत नाहीत. याने शंका आली तर ओव्हनमध्ये टांगायचा थर्मामीटर घ्या आणि त्याच्याकडे बघून खटका फिरवा. गरम ओव्हन असेल तर वरून लवकर रंग येतो, मधे कच्चं राहतं. थंड असेल तर सावकाश फुगून सावकाश बसतो.

ट्रे मधल्या जाळीवर, दोन्ही रॉड, पंखा असेल तर १६५. पहिली पंधरा मिनिटं दार उघडायचं नाही. सिलिकॉनच्या वाट्या असतील तर तीन-चार मिनिटं जास्त. एअर फ्रायरमध्ये १६० आणि चौदाव्या मिनिटापासून लक्ष.

विजेचा दाबही विसरू नका. मे महिन्यात संध्याकाळी सगळ्या इमारतीचे एसी चालू होतात आणि ओटीजी कण्हायला लागतो. दाब २३० वरून २०० व्होल्टवर उतरला तर रॉडची उष्णता जवळजवळ पाव भागाने कमी होते. सकाळी जमणारा मफिन संध्याकाळी का फसतो याचं उत्तर काही घरांत एवढंच असतं.

८. इथे हात लावू नका

ओटीजीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, एमसीबी (वीज आपोआप तोडणारं बटण) पडायला लागला, प्लग किंवा वायर गरम झाली, जळक्या रबराचा वास आला, किंवा एकच रॉड लाल होतोय, तर मुख्य बटण बंद करा, प्लग काढा आणि त्या कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला किंवा इलेक्ट्रिशियनला बोलवा. मागची पत्र्याची पाटी उघडून बघण्याचा उद्योग करू नका. थर्मोस्टॅट बदलणं हे घरगुती काम नाही. अर्थिंग नीट नसेल तर अख्खी पेटी विजेची होते.

बोर्डचंही बघून घ्या. दोन हजार वॉटचा ओटीजी २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टर लावून तो चालवायचा नाही. आमच्याच मजल्यावर तसा चालवलेला सॉकेट वितळून तपकिरी झालेला मी पाहिलाय. १६ अँपिअरचा पॉइंट हवा, आणि तो इलेक्ट्रिशियननेच काढायचा.

दुसरी थांबायची जागा खाणाऱ्याची. घरात कोणाला मूत्रपिंडाचा त्रास असेल तर दिवसाचं प्रोटीन किती हे डॉक्टर ठरवतात, मफिन नव्हे. विचारल्याशिवाय देऊ नका. दुधाची ॲलर्जी असेल तर व्हे आणि चक्का दोन्ही बाद. मधुमेह असणाऱ्याला ‘साखर नाही, गूळ आहे’ असं सांगून फसवू नका. गुळानेही साखर वाढतेच. लहान मुलांना पावडरीची गरज आहे का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. त्यांच्यासाठी मी पावडर काढून त्या ५० ग्रॅमची कणीकच वाढवते आणि दोन चमचे दूध.

टिकण्याबद्दल सारखं विचारतात म्हणून: पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका. फ्रिजबाहेर एक दिवस, पावसाळ्यात तेवढाही नाही. फ्रिजमध्ये चार दिवस. फ्रीझरमध्ये एकेक गुंडाळून महिना-दीड महिना सहज. फसलेला, आत ओला राहिलेला घाणा तसाच खाऊ नका, त्यात अंडं आहे. आडव्या चकत्या करून तव्यावर तुपाचं बोट लावून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा, आतला ओलेपणा जाईपर्यंत. आमच्याकडे हे मूळ मफिनपेक्षा आधी संपतं.

आणि मिश्रण कालवून तयार आहे, नेमका तेव्हाच ओटीजीने मान टाकली तर? इडलीपात्राला तेलाचं बोट फिरवा, साचे पाऊण भरा, पाणी उकळल्यावर ठेवा, बारा ते पंधरा मिनिटं. वरून बदामी होणार नाहीत, पण वाया जात नाहीत. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला तेव्हा चहाबरोबर मी त्याला तेच दिले होते.